तेल बंद केलं, तरी वजन का उतरेना?

(नाशिकच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी आटोपून, हात पुसत पुसत तुम्ही रेडिओजवळ आला असाल. बसा जरा. हातात चहाचा कप असेल तर असू द्या. त्या कपाबद्दलही आज थोडं बोलायचंच आहे.

मागच्या वेळी मी वजनाबद्दल बोलले तेव्हा सातपूरहून एका ताईंचा फोन आला होता. वय बेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करतात. रक्ताच्या तपासणीत साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. ताईंच्या आईला मधुमेह होता आणि शेवटी पायाला जखम होऊन आईचे फार हाल झाले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे बाई घाबरलेल्या. म्हणाल्या, “मॅडम, दोन महिने झाले, तेल बंद केलंय. माझी भाजी वेगळी उकडून घेते. तूप नाही, भात नाही. आणि काटा तिथेच. माझ्या नशिबातच नाही का वजन कमी होणं?”

मी म्हटलं, नशिबाचं नंतर बघू, आधी हिशोब बघू. तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते एका वहीत लिहून ठेवा आणि मला वाचून दाखवा. त्या वहीत काय निघालं ते शेवटी सांगते. त्याआधी हिशोब कसा करायचा ते समजून घेऊ.

कॅलरी म्हणजे काय?

कॅलरी म्हणजे उष्मांक. घासलेट लिटरमध्ये मोजतो, वीज युनिटमध्ये मोजतो, तशी अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजतात. आपण झोपलेल्या असलो तरी हृदय चालू असतं, श्वास चालू असतो, अंग गरम राहतं. त्याला ऊर्जा लागते. चालणं, झाडणं, जिने चढणं याला आणखी लागते. जेवढी लागते त्याहून जास्त आत आली तर शरीर ती फेकून देत नाही. दुष्काळासाठी कणगी भरून ठेवावी तशी ती चरबीच्या रूपात साठवतं. कमी आली तर त्या कणगीतून काढतं. वजन उतरणं म्हणजे कणगीतून धान्य निघणं, एवढंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं, ५५ किलो वजनाच्या आणि बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात. बऱ्यापैकी अंगमेहनत करणारीला २१३० च्या आसपास. शेतात दिवसभर राबणारीला त्याहूनही जास्त. आपल्या आज्या दोन-दोन भाकरी खाऊन सडसडीत कशा राहायच्या, याचं उत्तर या आकड्यांत आहे. विहिरीचं पाणी, जातं, सरपण त्यांच्या वाट्याला होतं. आपल्याकडे नळ, मिक्सर आणि गॅस आला, पण ताट तेवढंच राहिलं. काही घरांत तर ते वाढलं.

आता कोणत्या पदार्थात किती ऊर्जा? एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थ, म्हणजे कर्बोदकं, ४ कॅलरी देतात. एक ग्रॅम प्रथिनंही ४ देतात. आणि एक ग्रॅम तेल, तूप, वनस्पती तूप यांपैकी काहीही असो, ९ कॅलरी देतं. दुपटीहून जास्त. म्हणून वजन उतरवायचं म्हटलं की सगळे आधी तेलाकडे बोट दाखवतात, आणि त्यात खोटं काही नाही. थोडंसं कमी केलं तरी हिशोबात मोठा फरक पडतो. तेल करडईचं की शेंगदाण्याचं, घाण्याचं की डब्यातलं, यानं चव आणि गुणधर्म बदलतील, पण कॅलरी तीच. “आमचं लाकडी घाण्याचं आहे, त्यानं वजन वाढत नाही,” असं कुणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या.

तेलाचा महिन्याचा हिशोब

पोह्याचा मोठा चमचा भरून तेल घेतलंत तर ते साधारण १५ मिलिलिटर भरतं, म्हणजे जवळपास १२० कॅलरी. चहाचा लहान चमचा म्हणजे ४५ कॅलरी. आपण मात्र चमच्यानं मोजत नाही. आपण बुधली तिरकी करतो आणि हात सांगेल तेव्हा थांबतो.

म्हणून महिन्याचा हिशोब करा. तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि पाच लिटरचा कॅन महिनाभर जातो असं धरा. पाच लिटर तेलाचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे भागिले १२०. माणशी रोजचं ३८ ग्रॅम झालं. पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहाराचे मार्गदर्शक नियम काढले, त्यात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम पुरेसं धरलंय. बसून काम असणाऱ्या बाईला चार-पाच लहान चमचे पुष्कळ झाले. म्हणजे आपण माणशी १० ते १५ ग्रॅम जास्त ओततोय. त्याच्या रोज शंभर-सव्वाशे कॅलरी. महिन्याला साडेतीन हजार.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे एवढ्या जास्तीच्या तेलातून कागदावर महिन्याला जवळपास अर्धा किलो जमा होऊ शकतो, आणि पोट तर आपल्याला वेगळं काही खाल्ल्याचं सांगतही नाही. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये दर महिन्याला दहा टक्के तेल कमी विकत घ्या असं सांगितलं होतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट ही, की त्यांनी “कमी आणा” म्हटलं. जे घरात येतं ते पोटात जातं. पाचऐवजी साडेचार, मग चार लिटर आणा. पहिला आठवडा घरातले कुरकुरतील. तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

बुधलीत न दिसणारं तेल

पण तेल फक्त बुधलीत असतं असं नाही. आपल्या नाशिकच्या स्वयंपाकात ते तीन ठिकाणी लपून बसतं.

पहिलं, दाण्याचा कूट. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. एक मूठ, म्हणजे २५ ग्रॅम कूट १४० कॅलरी देतो. कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत, खिचडीत आपण तो सढळ हातानं घालतो. दाणे चांगलेच आहेत, त्यांत प्रथिनं आहेत. फक्त ते फुकट आहेत असं समजू नका.

दुसरं, सुकं खोबरं. काळ्या मसाल्याच्या वाटणासाठी आपण कांदा-खोबरं तेलात परततो. खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साडेसहाशेच्या वर कॅलरी, आणि ते परतायला आणखी तेल. वाटण करायचं तर खोबरं कोरडंच भाजा आणि कांदा गॅसवर किंवा तव्यावर भाजून घ्या. रंग येतो, खमंगपणाही येतो.

तिसरं, शेव-फरसाण आणि चिवडा. फरसाणाच्या शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या पुढे कॅलरी असतात. आणि इथे आपली मिसळ आली. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यात मिसळ खायला जायचं हा आता नाशिकचा रिवाजच झालाय. मी मिसळीच्या विरोधात बोलणार नाही, मला इथेच राहायचंय! पण ती उघडून बघू. तळाला मोड आलेली मटकी आहे, ती उत्तम. त्यात प्रथिनं आहेत, चोथा आहे. वर फरसाण पन्नास ग्रॅम धरलं तर २७० कॅलरी. दोन पावांच्या दोनशेच्या वर. आणि तर्री? तर्री म्हणजे तरंगणारं तेलच. दोन मोठे चमचे तर्री म्हणजे २४० कॅलरी. त्यावर पापड, जिलबी आली की एका नाश्त्यात दिवसाच्या निम्म्या कॅलरी होऊन जातात. मग काय करायचं? मटकी जास्त मागा, फरसाण अर्धं ठेवा, तर्री वेगळ्या वाटीत घ्या आणि वरची ओढून बाजूला करा, पाव एकच, जिलबी चौघांत एक. आणि महिन्यातून एकदा. एवढं केलंत तर मिसळीशी भांडण नाही.

तेल शून्यावर आणू नका

आता दुसरी बाजू. ही माझीच गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला अजूनही स्वतःचा राग येतो.

मी अडतीस वर्षांची असताना धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. तीन महिने हातात होते. मी गृहविज्ञान शिकवणारी बाई, पण लग्नातल्या फोटोंच्या भीतीपुढे शिक्षण कुठे टिकतं? तेल-तूप पूर्ण बंद केलं. एक वेळ जेवण, तेही काकडी, टोमॅटो, ताक, एखादा फुलका. तीन महिन्यांत अकरा किलो उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं. केस मूठ-मूठ गळत होते ते मी कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या जेवणानंतर रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की सहन होईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

डॉक्टरांनी नीट समजावलं. यकृतात तयार होणारा पित्तरस पित्ताशयात साठतो. आपण तेलकट-तुपकट खाल्लं की पित्ताशय आवळतं आणि तो रस आतड्यात सोडतं. मी चरबी खातच नव्हते, त्यामुळे ते आवळायचं थांबलं आणि रस तसाच साचून राहिला. दुसरीकडे वजन भराभर उतरत होतं, त्यामुळे साठलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तरसात जास्त उतरत होतं. साचलेला, घट्ट रस आणि त्याचे खडे. हे सगळ्यांना होतं असं नाही, आणि माझे खडे फक्त त्यामुळेच झाले असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण फार वेगानं वजन उतरवणाऱ्यांत खड्यांचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. माझं ऑपरेशन झालं. आणि उतरलेले अकरा किलो दीड वर्षात तेरा होऊन परत आले.

म्हणून सांगते, तेल-तूप मोजायचं, पण घालवायचं नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीतच विरघळतात. ताटात स्निग्ध काहीच नसेल तर गाजर-पालकातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य नीट अंगी लागत नाही. काही स्निग्ध आम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. शिवाय चिमूटभर मोहरी-जिऱ्याच्या फोडणीवाचून भाजी माणूस किती दिवस खाईल? जे आयुष्यभर करता येणार नाही ते महिनाभर करून उपयोग नाही.

आणि फक्त चरबी कमी करून, एकूण खाण्याकडे बघितलं नाही तर काय होतं, हेही तपासून झालंय. अमेरिकेत ४८ हजारांहून जास्त, पाळी गेलेल्या बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला चरबी कमी असलेला आहार सांगितला, पण कॅलरी कमी करा असं सांगितलं नाही. पहिल्या वर्षी या गटाचं वजन सरासरी दोन किलोंच्या आसपास उतरलं आणि सात वर्षांनी फरक जेमतेम अर्ध्या किलोवर आला. म्हणजे वजन वाढलं नाही हे खरं, पण चमत्कारही झाला नाही. कारण तेल गेलं की त्या जागी काहीतरी येतं. बिस्किटाच्या पुड्यावर “चरबी कमी” लिहिलेलं असतं, पण चव यावी म्हणून साखर आणि मैदा वाढवलेला असतो. पुडा मागून वाचा.

उपवासाचं ताट

आपल्याकडे ही अदलाबदल उपवासाला होते. “मी गुरुवार आणि एकादशी धरते, तरी वजन वाढतंय,” असं कितीजणी सांगतात. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी बघा. साठ ग्रॅम साबुदाणा, २१० कॅलरी. मूठभर कूट, १४०. दोन लहान चमचे तूप, ९०. छोटा बटाटा, ४०. झाले ४८०. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण याहून जास्त भरत नाही, आणि त्यात प्रथिनं व चोथा अधिक मिळतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ठ. त्यावर तळलेले वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी वडे. याला उपवास म्हणायचा की सण?

उपवास श्रद्धेचा भाग आहे, तो सोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्या नाशकात भगरीच्या गिरण्या आहेत, चांगली भगर मिळते. भगर, पातळ दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही आणि एक फळ, एवढ्यावर एकादशी उत्तम पार पडते. भगरही धान्यच आहे, कॅलरी तिच्यातही आहेत. पण वाटीभर मोजून घेता येते आणि तळावी लागत नाही.

असंच नागलीचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची नागलीची भाकरी फार गुणाची, तिच्यात कॅल्शियम भरपूर. पण “भाकरीनं वजन वाढत नाही” हे खरं नाही. नागली, बाजरी, ज्वारी, गहू, सगळ्या पिठांच्या कॅलरी जवळपास सारख्या, शंभर ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून सावकाश खावी लागते, हा तिचा फायदा. दोनच्या जागी चार खाल्ल्या तर तो फायदा गेला.

द्राक्षं आणि बेदाणे

मग कमी कॅलरीत पोट भरायचं कसं? याचं उत्तर आपल्या निफाड-पिंपळगावच्या मळ्यातच आहे. शंभर ग्रॅम द्राक्षं खाल्लीत तर साधारण ७० कॅलरी मिळतात. तीच द्राक्षं वाळवून शंभर ग्रॅम बेदाणे खाल्लेत तर तीनशेच्या आसपास. द्राक्ष तेच, फक्त पाणी गेलं. पोटाला आधी जागा आणि वजन कळतं. ज्या अन्नात पाणी आणि चोथा जास्त, ते थोड्या कॅलरीत पोट भरतं. ज्यातलं पाणी गेलं आणि तेल आलं, ते पोट भरायच्या आधीच कॅलरी भरतं. बटाटा आणि वेफर्स, ताक आणि मलई, मटकीची उसळ आणि फरसाण, या सगळ्या जोड्या द्राक्ष-बेदाण्यासारख्याच आहेत.

म्हणून ताटाची मांडणी बदला. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात. पाव ताट वरण, उसळ, पिठलं, अंडं, दही असं प्रथिनांचं. प्रथिनं कमी करू नका. ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि खाणं कमी करताना ती पुरेशी नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या २४ बायकांचं वजन जास्त निघालं. एकाच बाईचं वजन जास्त आणि रक्त कमी असंही असतं. म्हणून कॅलरी कापताना पालेभाजी, उसळ, लिंबू यांवर कात्री चालवायची नाही. ती तेल, साखर, मैदा आणि तळणावर चालवायची.

काटा आणि टेप

काही जणी म्हणतील, मी तर बारीक आहे, मला याचं काय? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्या अंगातही, विशेषतः पोटाच्या आत, चरबी जास्त साठते, आणि मधुमेहाला ती पुरते. म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी ठरवली आहेत. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषाचा ९० च्या आत. शिवणाची टेप घरात आहेच. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजा. स्वतःला फसवू नका, टेपला काही कळत नाही.

कोणाचं ऐकायचं?

महाराष्ट्रात आहारावरून घराघरांत वाद झाले. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलं, दिवसात दोनदाच, भूक लागल्यावर, पंचावन्न मिनिटांत जेवा. ऋजुता दिवेकर यांनी सांगितलं, थोडं थोडं वेळेवर खा, आपलं घरचं खा, तुपाला घाबरू नका. एकाच घरात सासूबाई एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला!

या वादात पडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ लोकांचे दोन गट केले. एकाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी पिष्ठाचा. दोघांनाही भाज्या भरपूर, साखर-मैदा कमी. वर्षानं पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.० किलो. म्हणण्यासारखा फरक नाही. ज्यानं आपलं एकूण खाणं कमी होतं आणि जे वर्षभर निभतं, ते आपल्यासाठी चांगलं. दोनदा जेवून निभत असेल तर दोनदा. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी वजन उतरवण्याच्या फंदात पडूच नये. वजन आपोआप वाढत असेल, पाळी अनियमित असेल, तर आधी थायरॉईड तपासून घ्या. आणि दिवसाला १२०० कॅलरींच्या खाली स्वतःच्या मनानं कुणीही जाऊ नका. माझ्या पित्ताशयाची आठवण ठेवा.

किती उतरवायचं? फार नाही. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त, साखर काठावर असलेल्या लोकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला कॅलरी आणि चरबी कमी केलेला आहार आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं सांगितलं होतं. ध्येय होतं वजनाच्या फक्त सात टक्के उतरवण्याचं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे ७१ किलोच्या बाईनं पाच किलो उतरवले तरी पुष्कळ. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या फोटोसारखं दिसायची गरज नाही. चालायला गोल्फ क्लबचा ट्रॅक आहे, कृषीनगर आहे, नाहीतर आपली गल्ली आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा वेगानं अर्धा तास चाला.

त्या ताईंची वही

आता सातपूरच्या ताईंची वही. तीन दिवस त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. उकडलेली भाजी, दोन फुलके. हे सगळं बरोबर होतं. पण दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि अर्धी वाटी म्हशीचं दूध. साखरेच्या १६० आणि दुधाच्या अडीचशे, म्हणजे चहाच्याच चारशे. संध्याकाळी कामावरून आल्यावर उकडलेल्या भाजीनं राहिलेली भूक खवळायची, आणि उभ्या उभ्या डब्यातली शेव दोन-तीन मुठी जायची. पन्नास ग्रॅम, २७०. आणि रात्री? वहीत लिहिलं होतं, “मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, उरलेला भात, वाया जाऊ नये म्हणून.”

ते वाचताना त्या थांबल्या. म्हणाल्या, “हे मी जेवणात धरतच नव्हते.”

मैत्रिणींनो, हे आपल्या सगळ्यांचं आहे. सगळ्यात शेवटी बसायचं, गरम संपलेलं असतं, मग उरलेलं पातेल्यातूनच खाऊन टाकायचं. अन्न हे पूर्णब्रह्म, टाकवत नाही. पण आपलं पोट म्हणजे घरातली उरल्या-सुरल्याची बादली नाही. उरतंय तर उद्या अर्धी वाटी तांदूळ कमी लावा. उरलेल्या पोळीचा सकाळी सगळ्यांना कुस्करा करा. आणि सगळ्यांबरोबर, स्वतःचं ताट वाढून घेऊन बसा. ताट वाढलं की किती खाल्लं ते दिसतं.

आम्ही हिशोब असा लावला. चहा दोन कप, एक एक चमचा साखर, कमी चरबीचं दूध. वाचल्या जवळपास २९०. शेवेच्या जागी कामावरून येताच एक फळ किंवा वाटीभर मोडाची मटकी. वाचल्या दीडशे ते पावणेदोनशे. मुलाच्या ताटातलं बंद. वाचल्या दीडशेच्या आसपास. आणि उकडलेल्या भाजीचं वेगळं पातेलं बंद. सगळ्यांसाठी एकच भाजी, फोडणीला मोजून तेल, माणशी दिवसाला चार लहान चमच्यांच्या हिशोबानं. त्यात ताईंच्या १८० कॅलरी वाढल्या. वाढल्या तरी बेरीज-वजाबाकी करून रोज चारशेच्या पुढे कमी झाल्या. तेल पुन्हा सुरू करून!

कागदावर तीन महिन्यांत पाच किलोंच्या आसपास उतरायला हवं होतं. प्रत्यक्षात चार उतरले. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, आणि मध्ये एक लग्नसराई आली. तेही ठीकच. मला जास्त आनंद झाला तो त्यांच्या दुसऱ्या वाक्यानं. म्हणाल्या, “मॅडम, सकाळी तेलाची बुधली हातात घेतली की आता आईचे पाय आठवून पोटात गोळा येत नाही. चमचा घेते, मोजते, फोडणी देते.” त्यांची पुढची रक्ततपासणी अजून व्हायची आहे. ती बरीच येईल अशी आशा आहे, पण ते आपण डॉक्टरांवर सोडू.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. तीन दिवस वही लिहा. बुधलीवर आज कॅन उघडल्याची तारीख टाका. टेपनं घेर मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात याच वेळी मला कळवा, आपण सगळ्याजणी मिळून हिशोब बघू.

आता तो चहा प्या. गार झाला असेल.